नाव गायकाचे, मत चाहत्याचे : भारतीय पॉप अल्बमची वाटचाल

भारतात पॉप गायकाच्या नव्या अल्बमची वाट पाहणारा, तो पदरचे पैसे मोडून विकत घेणारा आणि त्यातले कोणते गाणे जमले, कोणते फसले यावर हिरिरीने बोलणारा चाहता १९८० नंतर दिसू लागला. गाण्यांची आवड त्याआधीही अफाट होती, पण ती बहुतांशी चित्रपटाच्या आधाराने वाढलेली होती. गाणे आवडले की त्याचे श्रेय नायक-नायिका, संगीतकार, गीतकार आणि पडद्यामागचा गायक यांच्यात वाटले जाई. एकट्या गायकाबद्दल मत बनायचे तर त्याचे नाव लोकांना ठाऊक असावे लागते, त्याचे गाणे चित्रपटावाचून मिळावे लागते आणि ऐकणाऱ्याला आपली पसंती कळवण्याची सोय लागते. या तीन गोष्टी भारतात एकदम आल्या नाहीत. त्यांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सुरुवात गायकाच्या नावापासूनच झाली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गाइसबर्गने कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारत असे. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात, आणि तिथल्या कामगारांना मुद्रण कोणाचे आहे हे कळावे म्हणून ही तजवीज होती. महाराष्ट्रात पुढे बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्या त्यांच्या नावावर खपल्या. ज्यांना नाटक पाहायला मिळत नव्हते, त्यांच्याही घरी किंवा शेजारी त्या वाजत. त्या काळात गायक आणि त्याचे गाणे यांच्यामध्ये दुसरे कोणी उभे नव्हते.

१९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपट आणला आणि पुढच्या काही वर्षांत पार्श्वगायनाची पद्धत रुळली. पडद्यावर ओठ हलवणारा वेगळा, गाणारा वेगळा, अशी विभागणी झाल्यावर गायकाचे नाव मागे पडले. १९४९ सालच्या ‘महल’ची तबकडी हे याचे ठळक उदाहरण. त्यातले ‘आयेगा आनेवाला’ लता मंगेशकर यांनी गायले होते, पण तबकडीवरच्या गोल कागदावर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे चित्रपटात मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव. गाणे रेडिओवर वाजू लागले तशी ही गायिका कोण, अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. अखेर कंपनीकडून नाव मिळवून ते सांगितले गेले. त्याच वर्षीच्या ‘बरसात’च्या तबकड्यांवर मात्र लताबाईंचे नाव छापले गेले. गायकाच्या ओळखीचा आग्रह श्रोत्यांनी धरल्याचा हा आरंभीचा प्रसंग म्हणता येईल.

नाव छापले गेले तरी गायकाचा हक्काचा मान आणि मोबदला यांसाठी झगडावे लागले. फिल्मफेअर पुरस्कारांत संगीतकाराला बक्षीस होते, गायकाला नव्हते. लताबाईंनी याच कारणासाठी त्या समारंभात गाण्यास नकार दिला. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. गायक आणि गायिका यांचे पुरस्कार वेगळे व्हायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. तबकड्यांच्या खपावर गायकाला रॉयल्टी मिळावी की नाही, यावरून लताबाई आणि मोहम्मद रफी यांच्यात मतभेद झाले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले. या काळात गायक घरोघरी ओळखीचा झाला, पण त्याचे गाणे अजून निर्मात्याच्या मालकीचे होते.

श्रोत्याचे मत मोजण्याची पहिली मोठी यंत्रणा रेडिओवर उभी राहिली, आणि तीही सरकारी धोरणाच्या उलट परिणामातून. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला उत्तेजन आणि चित्रपटगीतांना लगाम, हे त्यांचे धोरण होते. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटली, तसे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आरंभी ती स्पर्धा होती : सात गाणी ऐकवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि अचूक उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस. सयानी सांगत असत की पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे हाताळणे अशक्य झाल्यावर स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी ऐकवण्यास सुरुवात झाली. क्रम लावताना दुकानांतली तबकड्यांची विक्री आणि गावोगावच्या श्रोतासंघांची पसंती, दोन्ही धरली जात. विक्रीच्या आकड्यात पैसेवाल्यांचे मत उतरे. ज्याच्या घरी फोनो नाही, त्याचे मत श्रोतासंघाच्या पत्रातून पोहोचे.

आकाशवाणीनेही १९५७ साली विविध भारती सुरू करून हा श्रोता परत मिळवण्याचा प्रयत्न केला. फर्माइशी कार्यक्रमांत गाण्यापेक्षा फर्माइश करणाऱ्यांची यादी लांब असे. अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरी तलैया हे गाव तिथून येणाऱ्या पोस्टकार्डांमुळे देशभर माहीत झाले. मराठी श्रोत्यांसाठी मुंबई केंद्राचा ‘आपली आवड’ होता. एका पोस्टकार्डावर गाणे, चित्रपट आणि खाली घरातल्या, आळीतल्या, मित्रमंडळातल्या झाडून सगळ्यांची नावे, असा या पत्रांचा साचा होता. मत एका गाण्याबद्दलचे असे आणि ते फक्त ‘हवे’ एवढेच सांगे. नापसंती कळवायला त्यात जागा नव्हती.

मराठीत मात्र चित्रपटाबाहेरच्या गाण्याची एक समांतर परंपरा होती. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या तबकड्यांनी भावगीताला वाट करून दिली. पेशाने वकील असलेले जोशी पुढे एचएमव्हीत अधिकारी झाले. गजानन वाटवे यांनी गणेशोत्सवाच्या मांडवांत आणि चौकांत भावगीत गाऊन त्याला हजारोंचा श्रोता मिळवून दिला. पुढे आकाशवाणीच्या ‘भावसरगम’मधून नवी गाणी घरोघरी गेली आणि अरुण दाते यांच्यासारख्या गायकाचे कार्यक्रम त्यांच्या गाण्यांच्या बळावर दशकानुदशके चालले. मराठी रसिक म्हणूनच ‘दात्यांचे गाणे’, ‘वाटव्यांचे गाणे’ असे सहज म्हणत आला. कवी, संगीतकार आणि गायक यांची बरोबरीने दखल घेण्याची सवय त्याला होती. फक्त हा व्यवहार सुट्या गाण्यांचा होता. एकाच गायकाची नवीकोरी आठ-दहा गाणी एकत्र बाजारात आणण्याची चाल अजून पडली नव्हती, कारण लाँग प्ले तबकडी महाग होती आणि ती वाजवायचे यंत्र मोजक्या घरांत होते.

हा अडसर कॅसेटने दूर केला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमध्ये चार मिलिमीटरहून थोडी कमी रुंदीची फीत असते आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने फिरते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटे मावत. आखाती देशांत कामाला गेलेल्यांनी आणलेले टेपरेकॉर्डर १९७० च्या दशकात गावोगाव दिसू लागले. १९८० च्या आसपास आयातीचे नियम सैल झाल्यावर देशातच कॅसेट बनू लागल्या. तबकडीच्या धंद्यात प्रचंड कारखाना लागे आणि तो बराच काळ एका एचएमव्हीच्या ताब्यात होता. कॅसेटची नक्कल करणारी यंत्रे मात्र दोन खोल्यांत मांडता येत. कोपऱ्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकाने लिहून आणलेल्या यादीतली गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून देई. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी होती, पण आपल्या आवडीचा क्रम आपण लावावा, ही चटक श्रोत्याला इथेच लागली.

दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातले गुलशन कुमार यांनी १९८३ साली टी-सीरिज सुरू केली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक सवलत होती : मूळ मुद्रणाला दोन वर्षे झाली की ठरलेली रॉयल्टी भरून आणि नोटीस देऊन दुसऱ्या आवाजात त्याच गाण्याचे मुद्रण करता येई. तिचा फायदा घेऊन टी-सीरिजने नव्या गायकांच्या आवाजात जुनी गाणी, भजने आणि आरत्या आणल्या. किंमत एचएमव्हीपेक्षा कितीतरी कमी ठेवली आणि कॅसेट पानपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे विकायला ठेवल्या. सोनू निगम यांची सुरुवात रफींची गाणी म्हणण्यापासून झाली, ती याच बाजारातून.

महाराष्ट्रात कॅसेटमुळे जे आवाज वर आले, त्यांना तबकडीच्या काळात मोठ्या कंपन्यांची दारे क्वचितच उघडत. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, विठ्ठल उमप यांची शाहिरी, आनंद शिंदे यांची झणझणीत लोकगीते कॅसेटवरून वाडीवस्तीपर्यंत गेली. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागत आणि नव्या वर्षाची नवी कॅसेट कोणाची, याची तिथे चौकशी होई. या गायकांना चित्रपटाची गरज पडली नाही. त्यांचा चाहता त्यांच्या नावाने कॅसेट मागत होता. इंग्रजी नियतकालिकांनी ‘इंडीपॉप’ हा शब्द रुजवला, त्याच्या आधीपासून हा धंदा मराठीत चालू होता.

शहरी मध्यमवर्गाला पहिला पॉप अल्बम मिळाला तो मात्र लंडनमार्गे. कराचीत जन्मलेली नाझिया हसन पंधरा वर्षांची असताना फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’साठी, १९८० साली, ‘आप जैसा कोई’ गायली. बंगळूरहून लंडनला जाऊन तिथे नाव कमावलेल्या बिद्दू यांनी ते संगीतबद्ध केले होते. बिद्दू यांच्या खात्यावर १९७४ चे ‘कुंग फू फायटिंग’ होते आणि डिस्कोचा ठेका त्यांच्या हातात बसलेला होता. नाझियाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि १९८१ साली तिचा व भाऊ जोहेबचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम एचएमव्हीने आणला. मागे चित्रपट नाही, नायिका नाही, कथा नाही, आणि तरी तो भारत-पाकिस्तानात तडाखेबंद खपला. मुखपृष्ठावर गायिकेचा चेहरा होता. ज्याने तो घेतला त्याने नाझियासाठी घेतला. ‘यंग तरंग’ (१९८४) आणि त्यापुढच्या अल्बमवेळी चाहत्यांच्या हाती तुलनेचे माप आले : नवा अल्बम पहिल्यासारखा आहे की नाही? पॉप गायकाबद्दलच्या मताचा हा पाया आहे आणि तो दुसऱ्या अल्बमवाचून घातला जात नाही.

तरीही १९८० च्या दशकात हा प्रकार अपवादच राहिला, कारण गायकाचा चेहरा दाखवायला दूरदर्शनखेरीज जागा नव्हती. १९९१ साली हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याबरोबर एमटीव्ही आले. स्टार आणि एमटीव्ही यांची फारकत झाल्यावर १९९४ साली चॅनल व्ही आले आणि १९९६ साली एमटीव्ही भारतासाठीची स्वतंत्र वाहिनी घेऊन परतले. चोवीस तास गाणी दाखवायची तर इंग्रजी गाणी पुरेनात आणि चित्रपटगीते सगळेच दाखवत होते. या वाहिन्यांना स्वतःचा माल हवा होता. मुंबईच्या मॅग्नासाउंडसारख्या कंपन्यांना हीच संधी होती. मोठ्या चित्रपटाच्या संगीताचे हक्क विकत घ्यायला लागणाऱ्या रकमेपेक्षा कमी पैशात एका गायकाचा अल्बम आणि एक-दोन गाण्यांचे व्हिडिओ तयार होत आणि वाहिनी ते दिवसातून अनेकदा दाखवी.

बाबा सहगल यांच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने (१९९२) हिंदी रॅप घराघरात नेले, जरी त्याचा साचा अमेरिकी रॅपर व्हॅनिला आइसच्या गाण्यावरून उचललेला होता. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आला. संगीत पुन्हा बिद्दू यांचेच. केन घोष दिग्दर्शित व्हिडिओत राजदरबारात बसलेली राणी एकामागून एक आलेले उमेदवार नाकारते आणि शेवटी पेटीतून बाहेर येणारा मिलिंद सोमण तिच्या मनास येतो. परदेशी माल दुकानांत नव्याने दिसू लागला होता, त्या वर्षांत हे शीर्षक लोकांच्या तोंडी बसले. राष्ट्रीय जलतरणपटू असलेला सोमण एका गाण्याने देशभर ओळखला जाऊ लागला, यावरून व्हिडिओचे बळ कळते. दलेर मेहंदी यांचा ‘बोलो ता रा रा’ही त्याच वर्षीचा.

पुढची पाच-सहा वर्षे भरभराटीची होती. लकी अली यांचा ‘सुनोह’ (१९९६), हरिहरन आणि लेस्ली लुईस यांची ‘कलोनियल कझिन्स’ ही जोडी (१९९६), ए. आर. रहमान यांचा स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातला ‘वंदे मातरम्’ (१९९७), युफोरियाचा ‘धूम’ आणि फाल्गुनी पाठक यांचा ‘याद पिया की आने लगी’ (१९९८), केके यांचा ‘पल’ (१९९९) असे अल्बम एकापाठोपाठ आले. साठी ओलांडलेल्या आशा भोसले लेस्ली लुईस यांच्याबरोबर ‘जानम समझा करो’ घेऊन या तरुणांच्या पंगतीत बसल्या. मराठीत कवी सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांच्या ‘गारवा’ने पावसाळी कवितेला गिटारची साथ दिली आणि भावगीताच्या जुन्या श्रोत्याच्या मुलांना आपलासा वाटणारा अल्बम मिळाला. थोड्याच वर्षांत वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांच्या ‘ऐका दाजीबा’ने मराठी गाणे राष्ट्रीय संगीतवाहिन्यांवर नेले.

या काळातल्या चाहत्याचे मत समोरच्या वस्तूवरून बनत असे. कॅसेटच्या डबीतून घडी घातलेला कागद निघे. त्यावर गाण्यांची यादी, वादकांची नावे, कधी सगळे शब्द आणि आतल्या बाजूला गायकाने मानलेले आभार असत. ए बाजूचे पहिले गाणे म्हणजे टीव्हीवर दिसणारे. त्याच्या जोरावर कॅसेट खपे. बी बाजूला काय आहे, यावर चाहत्याचा खरा निवाडा ठरे. ‘एकच गाणं बरं आहे, बाकी भरती’ हा शेरा त्या काळी सर्रास ऐकू येई आणि तो बहुतेकदा रास्त असे, कारण कंपनीचा पैसा व्हिडिओच्या गाण्यावर खर्च झालेला असे. पण फीत पुढे ढकलणे कंटाळवाणे आणि मशीनला जाचक होते. मग नावडती गाणीही ऐकली जात आणि पुष्कळदा दहाव्यांदा ऐकल्यावर आवडू लागत. वाहिन्यांच्या पसंती-कार्यक्रमांना चाहते रंगीत कागद, चमकी आणि कात्रणे चिकटवलेली भलीमोठी पत्रे पाठवत. फर्माइशीच्या पोस्टकार्डाचीच ही पुढची पिढी होती, फक्त त्यात चित्रपटाच्या नावाऐवजी गायकाचे नाव होते.

२००० नंतर हा डोलारा झपाट्याने उतरणीला लागला. त्याची कारणे एकात एक गुंतलेली होती. एमपी३ तंत्रामुळे एका सीडीवर शंभराहून अधिक गाणी मावू लागली आणि पदपथावर ती कॅसेटपेक्षा स्वस्त मिळू लागली. २००१ पासून सुरू झालेल्या खासगी एफएम केंद्रांवर परवाना शुल्काचा बोजा मोठा होता. त्यांनी हमखास चालणारी चित्रपटगीतेच लावली. संगीतवाहिन्यांना चित्रपटांच्या जाहिरातीतून पैसा मिळू लागला, तशी अल्बमच्या व्हिडिओंची जागा आटली. जुन्या गाण्यांच्या रिमिक्सची लाट आली. १९७२ च्या ‘समाधी’तले लताबाईंचे ‘काँटा लगा’ २००२ साली नव्या रूपात गाजले, तेव्हा चर्चा गायिकेपेक्षा व्हिडिओचीच अधिक झाली. आणि मुख्य म्हणजे चित्रपटसृष्टीने हे गायक सामावून घेतले. दलेर मेहंदी ‘मृत्युदाता’त, लकी अली ‘कहो ना प्यार है’त आणि अलिशा चिनॉय ‘बंटी और बबली’च्या ‘कजरा रे’त ऐकू आल्या. केके, शान आणि सोनू निगम हे तर पार्श्वगायनाचे आधारस्तंभच झाले. गायकाला यात अधिक पैसा आणि अधिक श्रोते मिळाले, पण चाहत्याच्या हातचा अल्बम गेला.

त्याच सुमारास मत नोंदवण्याचे साधन बदलले. २००४-०५ च्या पहिल्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये प्रेक्षकांनी फोन आणि एसएमएसवरून कौल दिला आणि मुंबईचा अभिजीत सावंत विजेता ठरला. ‘आपका अभिजीत सावंत’ हा त्याचा अल्बम त्यानंतर आला. आधी अल्बम आणि मग चाहते, हा क्रम इथे उलटा झाला. झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’मधल्या पाच मुलांवर महाराष्ट्राने असाच लोभ केला. मात्र हे मत स्पर्धेच्या भागाबरोबर उमले आणि पुढच्या पर्वात नव्या स्पर्धकाकडे जाई. विजेत्याच्या अल्बमला तेवढीच साथ मिळेल याची खात्री नसे.

२०१२ साली दोन गोष्टी घडल्या. कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने दुसऱ्या आवाजातल्या मुद्रणासाठीची मुदत दोनवरून पाच वर्षांवर नेली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला. आणि ‘डिस्को दीवाने’चे नवे रूप ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटात आले. चित्रपटाशिवाय जगून दाखवलेले पहिले मोठे पॉप गाणे तीस वर्षांनी चित्रपटात शिरले.

यानंतरचा अल्बम डबीत मिळत नाही. टी-सीरिजची यूट्यूब वाहिनी २०१९ साली दहा कोटी सदस्यांचा टप्पा गाठणारी जगातली पहिली वाहिनी ठरली, आणि स्पॉटिफाय त्याच वर्षी भारतात आले. चित्रपटाबाहेरचा गायक पुन्हा उभा राहिला आहे. मुंबईच्या वस्त्यांतून आलेले डिव्हाइनसारखे रॅपर आणि हळुवार गाणी लिहिणारे प्रतीक कुहाड ही त्यातली ठळक नावे. पण हे गायक बहुधा एकेक गाणे सोडत जातात आणि पुरेशी जमली की त्यांचा अल्बम करतात. ऐकणाऱ्याची पसंती मोजायला पत्र लागत नाही. किती जणांनी ऐकले, कितव्या सेकंदाला सोडून दिले, पुन्हा किती वेळा लावले, हे आपोआप नोंदले जाते. गीतमालेच्या क्रमात दुकानातली विक्री आणि श्रोतासंघाची पत्रे असे दोन वेगळे आवाज होते. आता दोन्ही एका आकड्यात आले आहेत. नापसंती, जिला पोस्टकार्डावर जागा नव्हती, तीही त्या आकड्यात उतरते. ती का, हे मात्र चाहत्याने स्वतः लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि अल्बमवरचे मत या अर्थाने अजूनही शब्दांतच मांडावे लागते.